द लॉर्ड ऑफ द रिंग्ज पुन्हा वाचायला घेताना

टॉल्किन यांचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' एकदा वाचून झालं आहे आणि आता पुन्हा हातात घ्यावंसं वाटतंय, अशांसाठी हे लिहिते आहे. अजून वाचलंच नसेल तर आधी पुस्तक पुरं करा. मी शेवटासकट सगळं बोलणार आहे, आणि पहिलं वाचन एकदाच वाट्याला येतं. ते माझ्यापायी वाया जायला नको.

"शेवट तर ठाऊक आहे, मग परत परत काय वाचायचं?" असं लोक विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. शेवट ठाऊक असल्याशिवाय या पुस्तकातलं बरंच काही दिसतच नाही. पहिल्या वेळी आपण फ्रोडोच्या, म्हणजे दुष्ट अंगठी नष्ट करायला निघालेल्या ठेंगण्या हॉबिटच्या, मागे धावत असतो. तो वाचेल का, अंगठी आगीत पडेल का, या काळजीने पानं भराभर उलटतात. दुसऱ्या वेळी ती धाकधूक सरलेली असते. आता आपल्याला पात्रांपेक्षा जास्त ठाऊक असतं, आणि कुणाच्या कुठल्या साध्याशा निर्णयावर पुढचं सगळं टेकलेलं होतं, ते उलगडायला लागतं. ही कथा वाचकाला पुन्हा पुन्हा ओढून आणते ती त्यामुळे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून माझा सगळा सल्ला एकाच गोष्टीभोवती फिरतो: जे तुम्हाला माहीत आहे आणि पात्रांना माहीत नाही, त्यावर डोळा ठेवून वाचा.

आधी थोडी तयारी

परिशिष्टं आणि नकाशे असलेली प्रत घ्या. परिशिष्टांशिवाय वाचन अपुरं राहतं, ते का हे पुढे येईलच. मी शिसपेन्सिल आणि एक पातळ वही जवळ ठेवते. पुस्तकात फक्त बारीक खुणा करते, बाकी सगळं वहीत.

पीटर जॅक्सनचे 2001, 2002 आणि 2003 सालचे तिन्ही चित्रपट नुकतेच पाहिले असतील तर थोडे महिने जाऊ द्या. चित्रपट मला आवडतात, पण त्यातले चेहरे आणि आवाज डोक्यात ताजे असले की पानावरचा माणूस दिसत नाही. चित्रपटात अंगठी मिळाल्यावर फ्रोडो लवकरच बाहेर पडतो. पुस्तकात अंगठी मागे ठेवून जाणाऱ्या बिल्बोची मेजवानी आणि फ्रोडोचं प्रयाण यांच्यामध्ये 17 वर्षं गेलेली आहेत आणि निघताना तो पन्नाशीचा आहे. पुस्तकातला फॅरामिर, वाटेत फ्रोडोला भेटणारा सेनानी, अंगठी रस्त्यात पडलेली सापडली तरी उचलणार नाही असं आधीच म्हणून मोकळा होतो आणि शब्दाला जागतो. पडद्यावरची आठवण थोडी फिकी झाली की ही माणसं आपापल्या वयासकट, स्वभावासकट परत समोर येतात.

आणखी एक. ही कथा टॉल्किन यांनी 1937 च्या डिसेंबरमध्ये लिहायला घेतली, ती 1949 मध्ये हातावेगळी झाली, आणि तिन्ही खंड 1954 आणि 1955 मध्ये निघाले. पहिला खंड बाजारात आला तेव्हा लेखक 62 वर्षांचे होते. तरुणपणी पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत ते होते. एवढं आयुष्य पाहिलेल्या माणसाने बारा वर्षं खपून लिहिलेलं पुस्तक विशीत एका दमात वाचून संपत नाही, यात नवल नाही. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे की ही कथा म्हणजे रूपक नाही, आणि वाचकाने आपल्या अनुभवाशी ती जोडून घ्यायची असेल तर ते वाचकाचं स्वातंत्र्य आहे. हे स्वातंत्र्य वयागणिक वेगळं वापरलं जातं. त्याच प्रस्तावनेत त्यांनी वाचकांनी काढलेला एक दोष मान्य केला आहे: पुस्तक फार छोटं झालं. पुन्हा वाचणाऱ्या कुणालाही हे पटेल.

एक धागा धरा

पहिल्या पुनर्वाचनात सगळंच टिपायला जाऊ नका. तीन खंडांत मिळून सहा भाग आणि 62 प्रकरणं आहेत, शेकडो नावं आहेत, डोकं शिणतं. एकच माणूस किंवा एकच वस्तू धरा आणि तिच्या मागे शेवटपर्यंत जा. कुठला धागा घ्यावा असं विचारलंत तर मी बेधडक सांगेन, गॉलमचा घ्या, म्हणजे बिल्बोच्या आधी अंगठी ज्याच्याकडे होती त्या प्राण्याचा. त्यातही गॉलमवर कुणी कुणी दया केली, तेवढंच बघा.

सुरुवात दुसऱ्या प्रकरणापासून होते. फ्रोडोच्या घरी, बॅग एंडच्या खोलीत, गॅन्डाल्फ फ्रोडोला अंगठीचा इतिहास सांगतो. घाबरलेला फ्रोडो म्हणतो, बिल्बोला संधी होती तेव्हाच त्याने त्या नीच प्राण्याला मारलं असतं तर बरं झालं असतं. गॅन्डाल्फ त्याला समजावतो की बिल्बोचा हात दयेनेच थांबवला. मरण्याच्या लायकीचे कितीतरी लोक जगतात आणि जगायला हवे होते असे कितीतरी मरतात, त्यांना तू जीव परत देऊ शकतोस का? मग मरणाचा निवाडा करायची घाई नको. गॉलमला अजून काहीतरी करायचं उरलं आहे असं माझं मन सांगतं, असंही तो म्हणतो. पहिल्या वेळी हे एका म्हाताऱ्या जादूगाराचं शहाणपणाचं बोलणं वाटतं. पुन्हा वाचताना कळतं की पुस्तकाचा शेवट इथेच उघडा करून ठेवलेला आहे. लेखकाने काहीच लपवलेलं नाही. आपल्यालाच तेव्हा दिसलं नव्हतं.

आता चौथ्या भागाच्या पहिल्या प्रकरणावर या. फ्रोडो आणि त्याचा इमानी सोबती सॅम यांनी गॉलमला पकडलं आहे, फ्रोडोच्या हातात तलवार आहे. त्याला ते बॅग एंडमधलं संभाषण जसंच्या तसं ऐकू येतं. तेव्हा गॅन्डाल्फने सांगितलं होतं की तू अजून त्याला पाहिलेलं नाहीस. आता पाहिलं आहे, आणि आता कीव येते आहे. तो तलवार खाली करतो. ही दोन प्रकरणं पाठोपाठ वाचून बघा. मध्ये शेकडो पानं आहेत, पण एकाच प्रश्नाचं उत्तर तिथे मिळतं.

तिथून पुढे पेन्सिल हातातच ठेवा. मॉर्डोरच्या, म्हणजे शत्रू साउरॉनच्या मुलखाच्या, काळ्या दरवाजाशी फ्रोडो गॉलमला बजावतो की वेळ आलीच तर मी अंगठी घालून तुला हुकूम करीन, आणि तो हुकूम कड्यावरून उडी मारण्याचा किंवा आगीत झोकून देण्याचा असला तरी तुला पाळावा लागेल. हे वाक्य पहिल्या वाचनात माझ्या नजरेखालून सहज सरकून गेलं होतं. बहुतेकांच्या जात असणार, कारण प्रसंग पुढे कुठल्या वाटेने जायचं याचा आहे. डूमच्या डोंगरावर जवळजवळ तेच शब्द पुन्हा येतात. गॉलम झडप घालतो, आणि मला परत हात लावलास तर तूच आगीत फेकला जाशील, असं त्याला सांगितलं जातं. तो आवाज नेमका कुणाचा, फ्रोडोचा की अंगठीचा, यावर वाचक आजही वाद घालतात. तुम्ही आपलं मत वहीत लिहून ठेवा. मी तो आवाज फ्रोडोचाच मानते, पण अंगठीचं बळ वापरणारा.

आणि सिरिथ उंगोलच्या जिन्यावरचा तो क्षण. सॅम आणि फ्रोडो दोघांना झोप लागली आहे. फ्रोडोचं डोकं सॅमच्या मांडीवर आहे. गॉलम परत येतो, त्यांच्याकडे बघत उभा राहतो. त्याच्या डोळ्यांतली चमक विझते, चेहरा म्हातारा आणि थकलेला दिसायला लागतो. तो मागे वळून खिंडीकडे बघतो, मान हलवतो, मनात काहीतरी झगडा चाललेला असतो. मग थरथरता हात पुढे करून अगदी हळू फ्रोडोच्या गुडघ्याला लावतो. तेवढ्यात सॅमला जाग येते. त्याला एवढंच दिसतं की हा आपल्या मालकाला चाचपतोय, आणि तो खेकसतो. थोड्या वेळाने सॅम माफीही मागतो, पण ती वेळ निघून गेलेली असते. टॉल्किन यांनी 1963 सालच्या एका पत्रात लिहिलं आहे की सॅमला गॉलममधला बदल कळला नाही, हा त्यांच्या दृष्टीने कदाचित या कथेतला सगळ्यात शोकात्म क्षण आहे.

इथे थांबा. त्या रात्री पुढचं प्रकरण वाचू नका. पहिल्यांदा वाचताना आपण सॅमच्या बाजूने असतो, आपल्यालाही गॉलमचा संशय असतो. आता काय झालं ते कळतं, आणि तरी सॅमचा राग येत नाही, कारण तो बिचारा दमलेला, घाबरलेला, मालकावर जीव टाकणारा माणूस आहे. चांगल्या माणसाच्या हातून, चांगुलपणातूनच हे होतं. असं लिहिणारा लेखक पुन्हा वाचावासा वाटला नाही तरच नवल.

याच सॅमकडून शेवटची दया घडते. डोंगराच्या उतारावर गॉलम त्याच्यापुढे धुळीत पडलेला आहे, तलवार उगारलेली आहे, मारायला कारणही आहे. पण मधल्या काळात सॅमने थोडा वेळ का होईना, अंगठी स्वतः वागवली आहे. गॉलमच्या मनाची आणि शरीराची काय गत झाली असेल, याचा त्याला पुसट अंदाज आला आहे. त्याला ते शब्दांत सांगता येत नाही. तो फक्त त्याला निघून जा म्हणतो. काही क्षणांनी आगीच्या काठावर फ्रोडो अंगठी टाकायला नकार देतो आणि ती नष्ट होते ती गॉलममुळे. बिल्बो, फ्रोडो, सॅम, तिघांपैकी कुणा एकाने जरी हात आवरला नसता तर अंगठी उरली असती. वहीत ही तीन नावं एकाखाली एक लिहिली की कथेचा सांगाडा समोर येतो.

हा धागा घेणार असाल तर 'द हॉबिट'मधलं गॉलम आणि बिल्बोच्या कोड्यांचं प्रकरण आधी वाचून घ्या. 1937 च्या पहिल्या आवृत्तीत ते वेगळं होतं, गॉलम पैजेपोटी अंगठी द्यायला तयार होता. 1951 च्या आवृत्तीत टॉल्किन यांनी ते बदललं. अंधारात अदृश्य उभा असलेला बिल्बो गॉलमचं आयुष्य क्षणभर डोळ्यांपुढे आणतो, त्याला कणव येते आणि तो त्याच्या डोक्यावरून उडी मारून निसटतो, हे तेव्हा आलं. म्हणजे लेखकानेसुद्धा मोठी कथा लिहिता लिहिता मागे जाऊन पहिली दया नव्याने लिहिली.

वस्तूंचे धागेही सुंदर आहेत. माझा आवडता म्हणजे थडग्यातली तलवार. टॉम बॉम्बॅडिलची प्रकरणं लांबण वाटून अनेकजण गाळतात. गाळू नका. थडग्यातल्या भुताच्या तावडीतून सुटल्यावर टॉम चौघा हॉबिटना एकेक पातं देतो आणि ती अंगमारच्या दुष्ट राजाशी लढलेल्या लोकांनी घडवली असं सांगतो. पुढे पेलेनॉरच्या मैदानात मेरी मागून जाऊन त्याच राजाच्या गुडघ्यामागे वार करतो आणि एओविनला त्याला संपवायची संधी मिळते. दुसरं कुठलंही पातं, कितीही बलवान हातात असतं तरी, ती जखम करू शकलं नसतं असं लेखक लिहितो. फार पूर्वी उत्तरेकडे ते सावकाश घडवणाऱ्या लोहाराला हे कळलं असतं तर किती आनंद झाला असता, असंही. त्या लोहाराचं नाव पुस्तकात कुठेच नाही. त्याची आठवण मात्र लेखकाने लढाईच्या ऐन धुमश्चक्रीत थांबून काढली आहे.

सॅमचं सामानही असंच बघण्यासारखं आहे. रिव्हेन्डेलहून निघताना तो गाठोड्यातल्या वस्तू मनात मोजतो आणि दोर राहिला म्हणून हळहळतो. दोर त्याला लोथलोरिएनमध्ये मिळतो, एमिन मुइलच्या कड्यावर कामी येतो. त्याची स्वयंपाकाची भांडी सगळा प्रवास पाठीवर असतात आणि मॉर्डोरमध्ये तो ती स्वतःच्या हाताने भेगेत टाकून देतो. ती खडखडत खाली जातात तो आवाज त्याच्या काळजाला लागतो. पहिल्या भागापासून त्या भांड्यांवर लक्ष ठेवलं असेल तर तुमच्याही लागेल. बिल नावाचं तट्टू तर मोरियाच्या दारातून सुटून एकटं ब्रीला परत येतं आणि शेवटी आपल्या जुन्या छळणाऱ्या मालकाला लाथ घालतं. हा धागा मुलांबरोबर वाचायला उत्तम.

तारखा लावून वाचा

हे तिसऱ्या किंवा त्यापुढच्या वाचनासाठी ठेवा. दुसऱ्या परिशिष्टात सगळ्या घटनांच्या तारखा आहेत. फ्रोडो 23 सप्टेंबरला बॅग एंड सोडतो, अंगठी 25 मार्चला नष्ट होते. त्या त्या दिवशी तो तो भाग वाचायचा. हॉबिटांच्या मुलखाच्या, म्हणजे शायरच्या, कॅलेंडरमध्ये प्रत्येक महिना 30 दिवसांचा आहे, त्यामुळे आपल्या कॅलेंडरशी दिवसाला दिवस जुळत नाही. त्याचा बाऊ करू नका.

यातून काय मिळतं? काळाची लांबी अंगावर येते. 20 ऑक्टोबरला रिव्हेन्डेलला पोहोचलेली मंडळी 25 डिसेंबरला निघतात, म्हणजे दोन महिने पुस्तक जवळजवळ उघडायचंच नाही. लोथलोरिएनमध्ये महिनाभर तसंच. नंतर नदीवर सॅम चंद्राची कोर बघून दिवसांचा हिशोब लावू लागतो आणि गोंधळतो. तुम्हीही गोंधळलेले असता. मार्च लागला की उलट होतं. रोजची पानं पुरी होत नाहीत, जेवायला उठवत नाही.

पण तारखांचं खरं मोल शेवटच्या प्रकरणांत आहे. फ्रोडोला वेदरटॉपवर सुरा लागतो ती तारीख 6 ऑक्टोबर. शेलॉब या राक्षसी कोळिणीचा दंश होऊन तो शत्रूच्या हाती पडतो ती 13 मार्च. युद्ध संपतं, मंडळी घरी यायला निघतात, आणि ब्रुइनेनचा उतार ओलांडताना फ्रोडोला खांद्यात कळ येते. ती 6 ऑक्टोबर असते. शायरमध्ये परत आल्यावर 13 मार्चला शेतकरी कॉटनला तो पलंगावर पडलेला, गळ्यातला पांढरा मणी घट्ट धरलेला सापडतो. पुन्हा 6 ऑक्टोबरला सॅमला तो आजारी दिसतो. पुढच्या मार्चमध्ये परत तेच, आणि या वेळी तो सॅमपासून लपवतो, कारण सॅमच्या घरात आता वेगळी गडबड असते. कथा यावर फारसं बोलत नाही. तारखा लावून वाचणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी ठाऊक असतं की आज काय दिवस आहे. लढाईहून परतलेल्या माणसाचं शरीर तारीख विसरत नाही, हे लिहिणाऱ्याने ते जवळून पाहिलं असणार असं मला नेहमी वाटतं. आणि फ्रोडोला जहाजापर्यंत पोहोचवून सॅम घरी परततो ती परिशिष्टातली तारीखही 6 ऑक्टोबरच आहे.

25 मार्चला टॉल्किन सोसायटी 2003 पासून वाचनाचा दिवस पाळते. ज्यांना एकट्याने सहा महिने धीर धरवत नाही, त्यांनी निदान त्या दिवशी 'माउंट डूम' हे प्रकरण वाचावं. सारुमानची भूमिका करणारे ख्रिस्तोफर ली दरवर्षी पूर्ण पुस्तक वाचत असत, आणि त्यांची टॉल्किन यांच्याशी एकदा भेटही झाली होती. दरवर्षीचं वाचन प्रत्येकाला झेपेल असं नाही. अंतर किती ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं माप एवढंच की कुठलं तरी प्रकरण आठवताना तपशील धूसर झाले, की वेळ झाली.

गाणी मोठ्याने वाचा

गाण्यांवरून नजर फिरवत पुढे जायची सवय असते. पुन्हा वाचताना ती मोडा, आणि जमलं तर ती मोठ्याने म्हणा. एकच उदाहरण देते. पहिल्या प्रकरणात घर सोडताना बिल्बो रस्त्याचं एक गाणं म्हणतो. रस्ता दारापासून सुरू होऊन पुढे पुढे जातो आहे आणि मी उत्सुक पावलांनी त्याच्या मागे जाणार, असा अर्थ. तिसऱ्या प्रकरणात फ्रोडो नकळत तेच गाणं पुटपुटतो, सगळं तेच, फक्त पावलं आता थकलेली आहेत. प्रवास जेमतेम सुरू झाला आहे आणि शब्द बदललेला आहे. सहाव्या भागात रिव्हेन्डेलमध्ये पेंगुळलेला बिल्बो तेच गाणं तिसऱ्यांदा म्हणतो: आता रस्ता पुढे गेला, ज्यांना जमेल त्यांनी जावं, मी आपला दिवा लागलेल्या सरायकडे वळतो विश्रांतीला. तिन्ही पानांवर खूण घाला आणि एका बैठकीत, एकापाठोपाठ एक, ऐकू येईल असं वाचा. मी आणि माझी बहीण फोनवर आळीपाळीने वाचतो. तिसरं नेहमी ती वाचते, मला ते नीट वाचता येत नाही, आवाज अडतो.

मोठ्याने वाचण्याचा आणखी एक फायदा म्हणजे वेग आपोआप कमी होतो आणि बारीकसारीक गोष्टी सापडतात. तिसऱ्याच प्रकरणात झाडाखाली झोपलेल्या हॉबिटना एक कोल्हा बघतो, काहीतरी विचित्र चाललंय असं मनाशी म्हणतो, आणि त्याला पुढे कधीच काही कळत नाही. एवढंच. काहींना तो कोल्हा खटकतो. मला तो फार प्रिय आहे.

दोन वाटा एकत्र करू नका

तिसऱ्या भागात ॲरागॉर्न, गॅन्डाल्फ, मेरी, पिपिन यांची हकिकत आहे, चौथ्यात फक्त फ्रोडो, सॅम आणि गॉलम. दोन्ही एकाच काळात घडतात. त्यामुळे तारखांप्रमाणे प्रकरणं आलटून पालटून वाचावीत असं काहीजण सुचवतात. करून बघायला हरकत नाही, पण माझा सल्ला आहे की करू नका. चौथा भाग संपतो तेव्हा फ्रोडो जिवंत आहे पण शत्रूच्या ताब्यात. मग अख्खा पाचवा भाग त्याच्याविषयी एक अक्षर कळत नाही. त्याच्या शेवटी काळ्या दरवाजापुढे साउरॉनचा दूत येतो आणि सॅमची तलवार, करडा झगा, फ्रोडोचं मिथ्रिलचं चिलखत दाखवतो. पिपिन किंचाळतो.

पहिल्या वेळी तुम्ही पिपिनच्या जागी असता. आता नसता. तुम्हाला ठाऊक आहे की त्या घटकेला सॅम आणि फ्रोडो डोंगराच्या वाटेवर आहेत. म्हणून या वेळी दूताकडे बघूच नका, गॅन्डाल्फकडे बघा. त्याच्या हातात आशा उरल्याची एकही खूण नाही. अटी मान्य केल्या तर कदाचित कैदी सुटेल. तो त्या वस्तू मित्राची आठवण म्हणून काढून घेतो आणि अटी झिडकारतो. प्रकरणं आलटून पालटून वाचलीत तर हा प्रसंग नुसता लढाईआधीचा संवाद होऊन बसतो.

परिशिष्टांतलं काय, आणि पुढे काय

शायरची साफसफाई होते ते प्रकरण चित्रपटात नाही, म्हणून त्याला वरवर चाळू नका. सगळं शिकून परतलेले चौघे हॉबिट तिथे गॅन्डाल्फशिवाय उभे राहतात. 'द ग्रे हेवन्स' संपल्यावर पुस्तक मिटू नका. पहिल्या परिशिष्टातली ॲरागॉर्न आणि आर्वेनची कथा वाचा, मग दुसऱ्या परिशिष्टाच्या शेवटच्या नोंदी. रोझीच्या मृत्यूनंतर सॅमही समुद्रापार गेला असं तिथे दोन ओळींत लिहिलेलं आहे. भाषा आणि लिप्यांची परिशिष्टं ज्यांना गोडी आहे त्यांनीच उघडावीत.

आणि वही बाजूला ठेवण्याआधी पुढच्या वाचनाचा धागा लिहून ठेवा, कारण तो वाचन संपताना सगळ्यात स्पष्ट दिसतो. माझा पुढचा धागा ठरला आहे: थेओडेन आणि डेनेथॉर. दोघे वृद्ध राज्यकर्ते. थेओडेनचा मुलगा थेओड्रेड 25 फेब्रुवारीला आयझेनच्या उतारावर पडतो, डेनेथॉरचा बोरोमिर दुसऱ्याच दिवशी. दोघांच्या पायाशी एकेक हॉबिट आपली सेवा रुजू करतो. मेरी थेओडेनपुढे मायेने तलवार ठेवतो आणि तुम्ही मला वडिलांसारखे असं म्हणतो. पिपिन डेनेथॉरपुढे ठेवतो ती बोरोमिरच्या ऋणापोटी, आणि थोडी डेनेथॉरच्या तुच्छ नजरेने डिवचला गेल्यामुळे. 15 मार्चला दोघे मरतात, एक आपल्या लोकांच्या पुढे घोडा घालून, दुसरा आपल्या हाताने पेटवलेल्या चितेवर. एकाने कुणाचं ऐकलं आणि दुसऱ्याने कुणाचं ऐकलं नाही, कुठे वाट फुटली, हे मला पानापानाने तपासायचं आहे. सुरुवात मी तिसऱ्या भागातल्या सहाव्या प्रकरणापासून करणार आहे, जिथे वाकलेला थेओडेन खुर्चीतून उठून दाराबाहेर येतो.